हवा थंड, निरोप महाग

मंडळी, थंड हवेच्या ठिकाणांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलंय. पॉइंट, घोडे, स्ट्रॉबेरी, मधाच्या बाटल्या, धुकं... सगळं येऊन गेलं. पण तिथं गेलेल्या माणसाचा निरोप घरी कसा पोचायचा आणि त्याला पैसे किती पडायचे, यावर माझ्या तरी वाचनात फारसं काही आलेलं नाही. म्हणून आज हा विषय.

कुणी म्हणेल, हॉटेलातलं वाय-फाय हा काय इतिहासाचा विषय झाला? मला वाटतं, झाला. आजकाल खोली ठरवताना आमच्या घरातली पोरंटोरं पहिला प्रश्न विचारतात तो वाय-फायचा. गरम पाण्याची चौकशी नंतर. हा प्रश्न नवा दिसला तरी त्याचं कूळ जुनं आहे. टपाल, तार, ट्रंककॉल, एसटीडी, मोबाइल आणि मग इंटरनेट असे त्याचे पूर्वज. आणि ही सगळी वंशावळ आमच्या एका सातारा जिल्ह्यात बसून वाचता येते. जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात महाबळेश्वर-पाचगणी, जिथं बाहेरचे लोक विश्रांतीला येतात. दुसऱ्या कोपऱ्यात आमचं पाटण, जिथले लोक पिढ्यान् पिढ्या पोटासाठी मुंबईला जातात. निरोपाची गरज दोन्हीकडे सारखीच. सोय मात्र सारखी कधीच नव्हती.

सुरुवात महाबळेश्वरपासून करू.

मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ साली तिथं गोऱ्या लोकांसाठी आरोग्यस्थान वसवायला घेतलं. पुढच्याच वर्षी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन ते गाव कंपनीकडे गेलं आणि बदल्यात महाराजांना वाईजवळचं खंडाळा मिळालं. बाजारपेठेला नाव पडलं माल्कम पेठ. हळूहळू अशी रीत पडली की उन्हाळ्यात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर आपला लवाजमा घेऊन महाबळेश्वरी यायचा, आणि पाऊस लागला की पुण्याला उतरायचा. गव्हर्नर आला म्हणजे कारभार आला. कारभार आला म्हणजे कागद आले. मग टपाल आलं, पुढे तारही आली. साहेब हवा खायला आला तरी त्याचं राज्य काही सुट्टीवर जात नव्हतं!

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. डोंगरावर निरोपाची वाट कुणासाठी झाली? तर वर मुक्कामाला येणाऱ्यांसाठी. महाबळेश्वरच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर धनगर, कोळी, कुणबी राहत होतेच की. पण तार त्यांच्यासाठी वर चढली नाही. हा क्रम पुढं दीडशे वर्षांत फारसा बदललेला दिसत नाही. म्हणून तो आधीच सांगून ठेवला.

तरीसुद्धा टपालखात्याने एक मोठं काम केलं, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. १८५४ च्या आधी पत्राचा आकार अंतरावर असे. जितकं दूर तितके पैसे जास्त. १८५४ साली नवा कायदा आला आणि हलक्या पत्राला अर्धा आणा हा दर सगळ्या देशाला लागू झाला. पत्र शेजारच्या तालुक्यात जावो की पार पेशावरला. डोंगरावरून टाका किंवा गिरगावातून टाका, तिकीट तेच. हरकाऱ्याला घाट चढायला जास्त श्रम पडतात म्हणून महाबळेश्वरच्या पत्राला जादा आणा, असं झालं नाही. गर्दीच्या वाटांवरच्या कमाईतून आडवाटांचा खर्च भागवायचा, हा त्यामागचा हिशेब. वर्गात मी हे शिकवायचो तेव्हा मुलं विचारायची, "गुरुजी, मग जवळ पत्र पाठवणाऱ्याचं नुकसानच झालं की!" थोडं झालंच. पण त्या थोड्याशा नुकसानीवर सबंध देश एकमेकांना पत्रं लिहायला लागला.

तारेचा हिशेब वेगळा. १८५५ मध्ये तार सर्वसामान्यांना खुली झाली तेव्हा सोळा शब्दांना एक रुपया, तोही चारशे मैलांपर्यंत. त्यापुढं अंतराप्रमाणे वाढ. त्या काळात रुपया म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची कमाई होती. त्यामुळे तार म्हणजे सरकार, व्यापारी नाहीतर मृत्यू, अशी आपल्याकडे समजूत बसली ती बसलीच. माझ्या लहानपणी तारवाला गल्लीत शिरला की बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या, आणि तो आपल्या दारावरून पुढं गेला की देवाला हात जोडायच्या.

विश्रांतीच्या ठिकाणी निरोपाचं मोल काय असतं, हे सांगणारा एक प्रसंग आपल्या पाचगणीचाच आहे. १९४४ च्या मे महिन्यात आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर गांधीजी प्रकृती सुधारण्यासाठी जुलैमध्ये पाचगणीला होते. तिथून १७ जुलैला त्यांनी जिनांना भेटीसाठी पत्र लिहिलं, गुजरातीत. जिनाही त्या वेळी घरी नव्हते. ते होते श्रीनगरला, एका हाउसबोटीवर मुक्कामाला. पत्र त्यांच्या हातात पडलं २२ तारखेला आणि २४ ला त्यांनी उत्तर लिहिलं, की मुंबईला परतल्यावर आपण जरूर भेटू. पुढं सप्टेंबरमध्ये मुंबईत त्या गाजलेल्या वाटाघाटी झाल्या आणि फिसकटल्या, तो इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. मला मात्र त्यातली ही पहिली पायरी फार बोलकी वाटते. देशाची फाळणी व्हायची की नाही या बोलण्याची सुरुवात हवापालटाच्या एका गावाहून हवापालटाच्या दुसऱ्या गावी झाली, आणि त्याला पाच दिवस लागले. ज्याच्या डोक्यावर जबाबदारी आहे त्याला विश्रांतीच्या जागीही निरोपाची सोय लागते. 'सुट्टीत कशाला हवंय इंटरनेट' असं म्हणणाऱ्यांना मी हा दाखला देतो. जबाबदारी देशाचीच असायला हवी असं नाही. घरी अंथरुणाला खिळलेली आई असली तरी पुरे.

आता पाटणकडे येऊ.

आमच्या तालुक्यातली माणसं मुंबईत गिरण्यांत, गोदीत आणि माथाडी कामात. घरटी एक तरी माणूस परळ-लालबागला. सुट्टीचं त्यांचं ठिकाण म्हणजे गाव. जत्रेला, गणपतीला, मे महिन्यात ते इथं यायचे. एकदा ते गावाकडे आले की मुंबईशी त्यांचा संबंध तुटायचा. गिरणीत काय चाललंय, खोलीला कुलूप नीट आहे ना, काही कळायला मार्ग नाही. पोस्टकार्ड जाऊन उत्तर येईपर्यंत आठवडा जाई आणि तोवर सुट्टी संपून जाई.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. कोयनानगर पाटणपासून जवळच. मी तेव्हा कोवळ्या वयाचा होतो. घरातले सगळे वाचलो, पण वडीलभाऊ मुंबईत परळच्या चाळीत. त्याच्या कानावर बातमी गेली असणार आणि आपण जिवंत आहोत हे त्याला कळवायचं कसं, हीच वडिलांना काळजी. भिंत पडल्याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. शेवटी भावकीतला एकजण कराडला गेला. तिथं तारेच्या खिडकीवर ही रांग! दुसऱ्या दिवशी भावाला तार मिळाली. तिच्यात 'ऑल सेफ' एवढे दोनच शब्द होते. त्याने तो कागद पुढं कित्येक वर्षं पेटीत जपून ठेवला होता. आपल्या घरातल्या थोरांना आठवत असेल. त्या दिवशी वडिलांना कुणी दहापट पैसे मागितले असते तरी त्यांनी ते उसने काढून दिले असते. पण तारेचा दर ठरलेला होता. खिडकीवरच्या माणसाने रांग पाहून भाव वाढवला नाही. त्याला तशी मुभाच नव्हती.

पुढच्या गोष्टी समजून घ्यायला ही खूण मला उपयोगी पडते. निरोपाला एक असते खर्चाची किंमत आणि दुसरी असते अडल्याची किंमत. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात ना, त्यातली. टपाल आणि तार सरकारी. त्यांना इतर शंभर दोष होते, पण अडलेल्या माणसाकडून त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत. अडल्याची किंमत सुरू झाली ती मधे तिसरा माणूस आल्यावर.

तो तिसरा माणूस म्हणजे हॉटेलचा टेलिफोन.

ट्रंककॉलचा काळ ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. एक्स्चेंजला नंबर बुक करायचा आणि बसून राहायचं. ऑर्डिनरी लावला तर दिवस जायचा. अर्जंटला दुप्पट पैसे आणि लायटनिंगला तर विचारू नका, ते मंत्र्यांचं आणि मारवाड्यांचं काम. ठरावीक माणसालाच बोलवा असं म्हणायचं असेल तर पी.पी., त्याचे वेगळे. तीन मिनिटं झाली की मधेच बाईंचा आवाज, "थ्री मिनिट्स ओव्हर." आता हॉटेलात उतरलेल्या माणसाने हा कॉल खोलीतून किंवा काउंटरवरून केला की खात्याच्या बिलावर हॉटेल आपला आकार चढवायचं. पोस्टात जाऊन केला तर स्वस्त, पण रात्री आठला डोंगरावर पोस्ट कुठं उघडं असणार? खोलीभाडं आधी ठरलेलं असायचं. फोनचा आकार कळायचा निघताना, बिलावर. घासाघीस करायला वेळ नसतो, टॅक्सी दारात उभी असते.

हा भाव पाडला कुणी? कुठल्या कायद्याने नाही. पिवळ्या पाटीने पाडला. १९८० च्या दशकाच्या शेवटी शेवटी गावोगाव एसटीडी-आयएसडी-पीसीओ अशा पाट्या लागल्या. सी-डॉटची १९८४ साली स्थापना झाली, देशी एक्स्चेंज खेड्यापर्यंत पोचली आणि काचेच्या खोपटात लाल आकडे पळायला लागले. महाबळेश्वरच्या बाजारात बूथ, पाचगणीच्या स्टँडवर बूथ, पाटणला स्टँडसमोर बूथ. पुष्कळ ठिकाणी ते चालवायला अपंग बांधवांना दिले होते, हेही चांगलंच झालं. रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून शाल पांघरून लोक बूथसमोर उभे. हॉटेलात हजारो रुपये मोजून राहिलेली मंडळीसुद्धा जेवण झाल्यावर 'शतपावलीला' म्हणून बाहेर पडायची आणि बूथवर सापडायची! खोलीतला फोन मग फक्त चहा मागवायला उरला. दाराबाहेर दुसरं दुकान उघडलं की आतल्या दुकानाचा तोरा उतरतो, एवढाच त्याचा अर्थ.

मोबाइल आला १९९५ साली. सुरुवातीला मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास, आणि आलेल्या फोनलाही पैसे. इनकमिंग फुकट झालं २००३ साली. पण आमच्या भागाला आणखी एक त्रास होता, तो बाहेरच्यांना माहीत नसतो. टेलिफोनच्या नकाशावर मुंबई वेगळी आणि उरलेला महाराष्ट्र वेगळा. संयुक्त महाराष्ट्राला कित्येक वर्षं झाली तरी मोबाइल कंपन्यांच्या लेखी मुंबई महाराष्ट्रात नव्हती, ती स्वतंत्र सर्कल. त्यामुळे मुंबईचा फोन घेऊन माणूस गावाकडे निघाला की वाटेतच 'रोमिंग' सुरू. महाबळेश्वरला आलेला शेठ आणि पाटणला आलेला माथाडी कामगार, दोघांनाही आलेला फोन उचलायचे पैसे. शेठ उचलायचा. आमचा माणूस मिसकॉल मोजायचा. एक मिसकॉल म्हणजे पोचलो, दोन म्हणजे पैसे पाठव, अशी घराघरात सांकेतिक भाषा होती. पुढं रोमिंगचे दर उतरत गेले, २०१५ साली बीएसएनएलने रोमिंगमधलं इनकमिंग देशभर मोफत केलं, इतरांना मागून यावंच लागलं.

आता इंटरनेट. आपल्या देशात ते सामान्यांना मिळू लागलं १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमकडून. वर्षाला अडीचशे तास आणि त्याचे हजारो रुपये, वर टेलिफोनचं बिल वेगळं. दोन हजार सालानंतर सायबर कॅफे आले तसे हॉटेलांनीही एक संगणक मांडला. मग खोलीत वायर आली, मग वाय-फाय. आणि त्याबरोबर जुना ट्रंककॉलचा आकारही नव्या कपड्यांत परत आला.

२००६ किंवा २००७ असेल. आमचे तीन-चार बिऱ्हाडं मिळून महाबळेश्वरच्या एका मोठ्या रिसॉर्टवर गेलो होतो (नाव सांगत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच होतं). नेमका त्या दिवशी पुण्याच्या भाच्याचा बारावीचा निकाल. पोरगं सकाळपासून काही खाईना. काउंटरवर एक संगणक होता. दर विचारला तर तासाला दोनशे रुपये, अर्धा तास वापरला तरी तासाचेच. बसवलं पोराला. निकालाच्या दिवशी सगळा महाराष्ट्र त्या एका साइटवर तुटून पडलेला, पान काही उघडेना. तास संपला. दोनशे रुपये गेले, निकाल नाही. मी म्हटलं, "अहो, निदान निम्मे तरी घ्या." तर तो मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, इथं दुसरीकडं कुठं मिळणार तुम्हाला?" त्याच्यावर राग नाही, तो पगारी माणूस. उलट त्याने एका वाक्यात सगळं अर्थशास्त्र सांगून टाकलं. भाच्याला घेऊन मी चालत बाजारात गेलो. तिथल्या सायबर कॅफेत तीस रुपयांत निकाल मिळाला, वर छापील कागद. पोरगं पास झालं होतं, चांगलं झालं होतं. आज ते स्वतः संगणकावरच पोट भरतं आणि हा लेख वाचून मला फोन करणार हे नक्की.

रिसॉर्टवाल्यांची बाजूही पाहिली पाहिजे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तांब्याच्या तारा त्यात कुजतात, वीज जाते, दुरुस्तीला माणूस खालून यावा लागतो. सिझन चार महिन्यांचा आणि लाइनचं भाडं बारा महिन्यांचं. तेव्हा काही खर्च खराच होता. पण तो तासाला दोनशे रुपयांइतका होता का? बाजारातला कॅफे त्याच पावसात, त्याच तारेवर तीस रुपयांत चालत होता. मधला फरक अडल्याचा.

हे आपल्याकडेच होतं असं समजू नका. अमेरिकेत नॅशव्हिल शहरात गेलॉर्ड ऑप्रीलँड नावाचं एक अवाढव्य रिसॉर्ट आहे. जवळजवळ तीन हजार खोल्या, आत काचेच्या छताखाली बागा, शिवाय मोठमोठ्या परिषदा भरवायची दालनं. व्यवस्था मॅरियट कंपनीकडे. २०१३ मध्ये एका माणसाने तिथल्या सरकारी दूरसंचार आयोगाकडे तक्रार केली, की या इमारतीत माझा स्वतःचा मोबाइल हॉटस्पॉट चालू दिला जात नाही. चौकशीत निघालं ते असं: रिसॉर्टची यंत्रणा पाहुण्यांचे खाजगी हॉटस्पॉट हुडकून त्यांचं कनेक्शन तोडत होती. आणि प्रदर्शनवाल्यांना रिसॉर्टचं वाय-फाय विकलं जात होतं अडीचशेपासून हजार डॉलरपर्यंत. २०१४ च्या ऑक्टोबरात कंपनीने सहा लाख डॉलर दंड भरून प्रकरण मिटवलं. कंपनीचं म्हणणं होतं की आम्ही हे पाहुण्यांच्या सुरक्षिततेसाठी केलं. आयोगाने पुढं २०१५ मध्ये सगळ्यांनाच बजावलं की असं करणं बेकायदा आहे.

मला हा खटला मोठा वाटतो. आपल्याकडचा हॉटेलवाला बाहेरचा बूथ पाहून हळहळला असेल, पण त्याने बूथची तार कापली नाही. इथं तर पाहुण्याच्या खिशातलाच बूथ बंद पाडला होता. दुसरी वाट नसली की भाव चढतो हे जुनंच. दुसरी वाट असली तर ती बुजवायची, ही पुढची पायरी.

आपल्याकडे अडल्याची ही किंमत कोसळली २०१६ नंतर. जिओ आलं आणि डेटाचे दर घसरले. दहा-बारा वर्षांपूर्वी एका जीबीला अडीचशेच्या आसपास पडायचे, ते दहा रुपयांच्या आसपास आले. पाहुणा स्वतःचंच इंटरनेट खिशात घेऊन यायला लागल्यावर तासाचे दोनशे कोण देणार? रिसॉर्टनी मुकाट्याने 'फ्री वाय-फाय'ची पाटी लावली. वाय-फाय लावताना मोबाइल नंबर आणि ओटीपी मागतात, त्यामागं २००९ सालचे दूरसंचार विभागाचे सुरक्षेचे आदेश आहेत. त्याआधीच्या वर्षी कुणाच्या तरी उघड्या वाय-फायवरून धमकीची ईमेल गेली होती. तर फुकट म्हणजे काय, तर खोलीभाड्यात धरलेलं. अमेरिकेत 'रिसॉर्ट फी' म्हणून वेगळं लावायचे, त्यात वाय-फायही यायचं. मे २०२५ पासून तिथं नियम आलाय की सक्तीचे सगळे आकार धरूनच पहिली किंमत सांगायची. चांगला नियम आहे. बिल कळलं पाहिजे ते आत शिरताना.

म्हणजे गोष्ट सुखान्त झाली म्हणायची? पाहुण्यांपुरती झाली. आता त्यांच्या पलीकडची सांगतो.

आमच्या कोयनेच्या धरणामागे शिवसागर पसरलाय. त्याच्या पाण्यावर १९६० मेगावॉटचा वीजप्रकल्प उभा आहे, निम्म्या महाराष्ट्राने त्याचा उजेड पाहिलाय. त्या पाण्याखाली गावं गेली, माणसं ठाणे, रायगड, सोलापूर, सांगलीकडे पांगली. जी वर राहिली ती पाण्याने तुटली. तापोळा, बामणोली इथं आज पर्यटक बोटीत बसतात, पण पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या माणसाला बोट ही मौज नाही, ती त्याची एसटी आहे. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलवर गेलं, तेव्हा डोंगरातली मुलं वह्या घेऊन टेकाडावर चढून रेंज शोधायची. मी निवृत्त झालेलो, पण माझ्या हाताखाली शिकून गुरुजी झालेले फोन करायचे. म्हणायचे, "सर, अभ्यास पाठवतोय, पण पोचतोय की नाही कळत नाही." मास्तराला यापेक्षा वाईट वाक्य नसतं. त्या मुलांना कुणी तासाला दोनशे मागितले नाहीत. मागायलाही कुणी तिथं नव्हतं. दर परवडत नाही ही एक अडचण. विकणाराच येत नाही ही त्याहून मोठी.

सरकारला हे कळत नाही असं नाही. दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातला काही वाटा खेड्यांच्या सोयीसाठी बाजूला काढायचा, असा निधी २००२ पासून आहे. आता त्याचं नाव डिजिटल भारत निधी. २०२२ साली केंद्राने रेंज नसलेल्या २४,६८० गावांत फोर-जी न्यायची योजना मंजूर केली, २६,३१६ कोटींची. मला त्यात तो जुना अर्ध्या आण्याचा विचारच दिसतो. गर्दीच्या वाटेने आडवाटेचा खर्च उचलायचा.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे नवीन महाबळेश्वर. राज्य रस्ते विकास महामंडळाकडे हा प्रकल्प आहे, आराखडा २०२४ साली लोकांपुढं आला. सुरुवातीच्या आराखड्यात २३५ गावं, त्यात आपल्या पाटण तालुक्यातलीही बरीच. जंगलाचं, पाण्याचं, जमिनींचं काय होणार यावर जाणती माणसं बोलतायत आणि ते बोललंच पाहिजे. मी त्यात एवढीच भर घालतो. उद्या या डोंगरांवर रिसॉर्ट आली तर त्यांच्यामागं फायबर येणार, टॉवर येणार. माल्कमच्या मागं टपाल आलं तसंच. ती तार रिसॉर्टच्या फाटकाशी संपणार की पुढं शाळेत, ग्रामपंचायतीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात जाणार, हे आराखड्याच्या वेळीच ठरतं. नंतर अर्ज करून काही होत नाही, हे धरणग्रस्तांना विचारा. म्हणून गावकीने ग्रामसभेत ही मागणी लेखी घालावी: डोंगरावर पाहुण्यासाठी जी लाइन येईल, तिच्यावर वाटेतल्या शाळेचाही हक्क. पाहुणा चार दिवस राहतो. वर्गातल्या पोराला तिथं दहा वर्षं काढायची असतात.

असो. लेख लांबला, मास्तरकी सुटत नाही. ट्रंककॉलच्या, बूथच्या रांगेच्या, हॉटेलच्या बिलाच्या तुमच्याही आठवणी असतील, त्या जरूर लिहून कळवा. आणि मुंबईच्या मंडळींनो, या मे महिन्यात गावाकडे याल तेव्हा आपल्या वाडीत कुठं कुठं रेंज येते आणि कुठं नाही, याची एक यादी करा. ग्रामसभेत अंदाजाने बोलण्यापेक्षा कागद दाखवलेला बरा.